पाळीची चड्डी आणि वाळत घालायची दोरी

आज फलकावर ‘स्त्री-आरोग्य : नवे पर्याय’ असं लिहिलेलं आहे. आम्ही कळवलेलं नाव ‘पाळीची चड्डी’ असं होतं. ते मोठ्या अक्षरांत लिहायला कुणाचा हात धजावला नाही, याबद्दल आमची तक्रार नाही. उलट बरंच झालं, कारण आजच्या बोलण्यातला अर्धा मुद्दा त्या फलकानेच मांडून ठेवला. पुरुष मंडळी मागच्या रांगेत दिसतात, त्यांनी उठून जाऊ नये. तुमच्याकरता स्वतंत्र काम आहे, ते पुढे येईल.

या वस्तूला मराठीत अजून नाव नाही. दुकानात ‘पीरियड पॅन्टी’ म्हणतात. आम्ही पाळीची चड्डी म्हणणार. आपल्याकडे पाळीला शब्द कमी नाहीत : विटाळ, अडचण, बाहेरची, कावळा शिवला, आणि शिकलेल्या घरांत एम. सी. नाहीतर डेट. पण हे शब्द जरा निरखून बघा. त्यांतला एकही रक्ताबद्दल बोलत नाही. कुणी शिवायचं नाही, कुणी कुठे बसायचं, एवढंच ते सांगतात. म्हणजे भाषेने शरीराची दखल घेतलीच नाही, घेतली ती जागेची. हे लक्षात ठेवा, दोरीपाशी आल्यावर लागेल.

आधी वस्तू समजून घेऊ. कबनूर-इचलकरंजीत कापडाबद्दल बोलायचं म्हणजे हलवायाला साखर दाखवण्यासारखं आहे. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून या पट्ट्यात घरटी कुणीतरी मागावर, सायझिंगला, वहिफणीला किंवा कांड्या भरायला आहेच. तेव्हा तुम्हांला हे चटकन कळेल. बाहेरून बघितलं तर ही साधी चड्डी दिसते. फरक सगळा मधल्या पट्ट्यात. तिथे साधारण तीन प्रकारचे थर असतात. अंगाला लागणारा वरचा थर ओल स्वतःत न ठेवता खाली पाठवणारा. मधला थर शोषणारा, तो सुती असतो, टर्किश टॉवेलसारखा, किंवा बांबूपासून काढलेल्या व्हिस्कोसचा. आणि खालचा थर म्हणजे पॉलिएस्टरच्या कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवलेला. लहान बाळांच्या धुवायच्या लंगोटांना हेच कापड लावतात. पाणी त्यातून पलीकडे जात नाही.

यात जादू काही नाही. रबराचं अस्तर लावलेल्या अशा चड्ड्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विकल्या जात होत्या. गरम व्हायच्या, चिकटायच्या, म्हणून मागे पडल्या. पहिल्या महायुद्धात जखमांवर लावायला लाकडाच्या लगद्याचं शोषक कापूस-सदृश सामान निघालं, परिचारिकांनी ते पाळीसाठी वापरलं, आणि १९२० च्या सुमारास त्याचे नॅपकिन बाजारात आले. तिथून पुढची शंभर वर्षं फेकायच्या वस्तूची. आता पापुद्रा पातळ झाला, कापड सुधारलं, म्हणून जुनी कल्पना परत आली आहे.

एक व्यापारी गोष्ट जाता जाता. आपल्या मागावरचं कापड ताणत नाही. चड्डीला लागतं ते विणलेलं होजिअरीचं, तिरुपूरकडचं. तेव्हा आपल्याकडे हा धंदा उद्या उभा राहील असं कुणी सांगितलं तर लगेच भुलू नका. पण बांधायची किंवा बटणाने अडकवायची कापडी घडी शिवायला आपलं पॉपलिन आणि फलाटीण पुरतं. बचत गटांनी त्याचा विचार करायला हरकत नाही.

आता वापराकडे येऊ. आमचं वय सत्तरीच्या पुढे. आमची पाळी थांबून दोन तपं होऊन गेली. वापरणारी आमची नात, एकोणीस वर्षांची, कॉलेजला रोज बसने जाते. तिने तीन चड्ड्या मागवल्या, बाराशे रुपयांना. पाकिटावर लिहिलं होतं की बारा तास चालते, गळत नाही, डाग पडत नाही. नात म्हणाली, “आजी, खरं असेल का गं?” जन्मभर प्रमाणशास्त्र शिकवलेल्या माणसाला असा प्रश्न विचारला की तो सरळ उत्तर देत नाही. आम्ही म्हटलं, हे शब्दप्रमाण झालं. न्यायदर्शनात शब्द प्रमाण मानतात, पण कुणाचा? आप्ताचा. ज्याला गोष्ट ठाऊक आहे आणि जी जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. विकणाऱ्याला गोष्ट ठाऊक असेल, दुसऱ्या अटीचं काय? तेव्हा प्रत्यक्षाकडे जाऊ.

म्हणून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चाचणी घेतली. चड्डी आधी एकदा धुऊन वाळवली, कारण कोरं कापड नीट शोषत नाही, त्यावर खळ किंवा तेलकट अंश असतो. हे इथे कुणाला शिकवायला नको. मग खाली कोरा कागद अंथरला आणि चहाच्या चमच्याने पाणी सोडलं. लहान चमचा पाच मिलिलिटरचा धरा. चार चमचे तिने पोटात घेतले. पाचव्याला वर हात दाबला तर कागदावर ओल उमटली, पण मध्ये नाही, कडेला, शिलाईच्या रेघेत. आमची सून शिवणकाम जाणते. ती लगेच म्हणाली, “सुईने भोकं पाडली की पापुद्रा कसला राहतोय?” अगदी बरोबर. चड्डी गळते ती बहुतेक टाक्यावर गळते. तेव्हा विकत घेताना मधला पट्टा मागे-पुढे किती लांब आहे आणि कडेची शिलाई शोषणाऱ्या थराला चिकटून आहे की लांब, एवढं उलटून बघा. रंग आणि लेस नंतर.

चार चमचे म्हणजे वीस मिलिलिटर. एका पाळीत एकूण रक्त सरासरी तीस-चाळीस मिलिलिटर जातं, आणि ऐंशीच्या वर गेलं तर डॉक्टर ते जास्त मानतात. त्यात रक्ताशिवाय इतर स्रावही असतो, म्हणून प्रत्यक्ष द्रव याहून जास्त. आणि तो दिवसांत सारखा वाटून जात नाही, दुसऱ्या दिवशी जोर असतो. शिवाय आपण बसतो तेव्हा दाब पडतो. असा सगळा हिशेब केला तर ही चड्डी पहिल्या दिवशी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी आणि रात्री एकटी पुरते. जोराच्या दिवशी दिवसातून दोनदा बदलावी लागेल. बारा तास हा आकडा प्रत्येकीचा नसतो.

नातीचा पहिला दिवस मजेशीर गेला. ओलं लागत नव्हतं, पण विश्वास बसत नव्हता. बसमधून उतरल्यावर मैत्रिणीला मागे बघायला सांगितलं, कॉलेजात तीनदा स्वच्छतागृहात जाऊन आली. कोरडी होती. संध्याकाळी म्हणाली, “आजी, गळली नाही, पण दिवसभर डोक्यात तीच होती.” दुसऱ्या महिन्यात ते कमी झालं. जोराच्या दिवशी मात्र तिने वरून नॅपकिन लावला, आणि आम्हांला ते शहाणपणाचं वाटलं. सगळं एका वस्तूवर सोपवायची शपथ कुणी घातलेली नाही.

खरी अडचण सुरू झाली ती वापरून झाल्यावर.

धुण्याची रीत सोपी आहे. आधी गार पाण्यात भिजवायची आणि पाणी नितळ येईपर्यंत पिळायची. गरम पाणी आधी घालायचं नाही, रक्तातली प्रथिनं उष्णतेने धाग्यात घट्ट बसतात आणि डाग कायमचा होतो. मग साधा साबण, भरपूर पाणी. ब्लीच नको, कपडे मऊ करायचं द्रावण नको, त्याने शोषण कमी होतं. इस्त्री तर नकोच, पापुद्रा वितळेल. आमच्याकडे एका चड्डीला अर्धी बादली पाणी लागलं. आता आपल्या पट्ट्यात नळाला रोज पाणी येत नाही, हे तुम्ही आम्हांला सांगायला नको. पंचगंगा उशाला आणि घशाला कोरड. ज्या घरात सहा माणसं आणि दोन पिंपं आहेत, तिथे ही अर्धी बादली कुणाच्या वाटणीतून काढायची? याचं उत्तर पाकिटावर नसतं.

आणि वाळवणं. तीन थर असल्यामुळे ती साध्या चड्डीच्या दुप्पट-तिप्पट वेळ घेते. एप्रिलच्या उन्हात दुपारपर्यंत वाळली. जुलैत दोन दिवस झाले तरी मधला पट्टा हाताला गार लागत होता. आमच्या सुनेने ती दोरीवर टाकली, पण वर टॉवेल पांघरला. आम्ही विचारलं, हे काय? म्हणाली, “आई, दोरी गल्लीकडं आहे, येणारं-जाणारं बघतंय.”

मंडळी, आम्ही लहान होतो तेव्हाचं सांगतो. नऊवारीचं जुनेर फाडून त्याच्या घड्या करायच्या. कापड म्हणून ते उत्तम, शंभर वेळा धुतलेलं, मऊ, शोषणारं. आज जाहिरातीत ज्याला निसर्गस्नेही म्हणतात, ते ते होतंच. पण त्या घड्या वाळायच्या कुठे? न्हाणीघराच्या मागे, गोठ्यात कडब्याच्या आडोशाला, नाहीतर माळ्यावर, लुगड्याच्या खाली. ऊन लागायचं नाही, वारा लागायचा नाही. अर्धवट ओली घडी पुढच्या महिन्यात पुन्हा अंगाला. खाज, पुरळ, वास, पांढरं जाणं, सगळं मुकाट. पुढे नॅपकिन आले तेव्हा आम्हांला शिकवलं गेलं की कापड घाण असतं. कापडावर हा अन्याय झाला असं आमचं मत आहे.

याला केवळ आठवणीचा आधार नाही. ओडिशातल्या रुग्णालयांत येणाऱ्या बायकांचे अभ्यास २०१५ आणि २०१८ साली प्रसिद्ध झाले. धुऊन पुन्हा वापरायचं कापड घेणाऱ्या बायकांत जननमार्गाचे संसर्ग जास्त आढळले, हे खरं. पण दुसऱ्या अभ्यासात पुढचा तपशीलही आहे : ज्या ते घरातल्या घरात वाळवत किंवा लपवून ठेवत, त्यांच्यात बुरशीचा संसर्ग अधिक होता. म्हणजे बोट दोरीकडे जातं. तीन थरांची चारशे रुपयांची चड्डी टॉवेलखाली वाळवली, तर ती माळ्यावरच्या जुनेराची नातच झाली म्हणायची. आणि खालच्या थराने वारा अडत असल्यामुळे ती त्या जुनेरापेक्षा अधिक वेळ ओली राहील.

मग टॉवेल का? इथे तत्त्वज्ञानाच्या माणसाला थोडं बोलू द्या. मेरी डग्लस नावाच्या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ साली अशौचावर एक ग्रंथ लिहिला. त्यांचा मुद्दा असा की घाण हा वस्तूचा गुण नव्हे, वस्तू चुकीच्या जागी असणं म्हणजे घाण. भात ताटात अन्न, सदऱ्यावर डाग. आपले सुरुवातीचे शब्द आठवा. बाहेरची, शिवलं, अडचण, सगळे जागेचेच. पण या भूमीला हे डग्लसबाईंकडूनच शिकायला हवं होतं असं नाही. महानुभावांच्या परंपरेत तेराव्या शतकातल्या चक्रधरस्वामींचं म्हणणं नोंदलेलं आहे की नाका-डोळ्यांतून जसा मळ येतो तसा हा शरीराचा एक स्राव, त्याचा विटाळ कसला? चोखोबांची सोयराबाई तर विटाळाचा प्रश्न थेट देहाच्या उगमापाशी नेऊन विठ्ठलाला विचारते. र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ साली निघालं आणि शरीराबद्दल शरीरासारखं बोलू लागलं. इतकं सगळं पोटात असून आपली दोरी टॉवेलखालीच आहे. विचार पटणं आणि कपडा उघड्यावर टाकणं यांच्यामध्ये गल्ली आहे, शेजार आहे, आणि सुनेला शेजार जास्त भोगावा लागतो, सासूला कमी. म्हणून आम्ही तिला रागावलो नाही. आमच्या मुलाने गच्चीवर, पाण्याच्या टाकीपलीकडे, दुसरी दोरी बांधली. तिथे ऊनही जास्त आहे. पुरुषांसाठी स्वतंत्र काम म्हटलं होतं ते हेच : दोरी बांधा, वाळलेले कपडे काढून आणताना ती चड्डीही आणा, आणि त्यावर काही बोलू नका.

फेकायच्या नॅपकिनला आम्ही शिव्या देणार नाही. आमच्या तरुणपणी पट्ट्याला अडकवायचा नॅपकिन मिळाला तेव्हा केवढं सुटल्यासारखं वाटलं होतं. त्याने मुली शाळेत टिकल्या, बायका नोकरीला गेल्या. राज्य सरकारने ८ मार्च २०१८ ला अस्मिता योजना सुरू केली, जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ नॅपकिनचं पाकीट पाच रुपयांत. त्याच वर्षी जुलैत नॅपकिनवरचा बारा टक्के जीएसटी गेला. या चांगल्याच गोष्टी. पण नॅपकिनला जातो कुठे ते विचारा. त्यात प्लास्टिक असतं, पाणी धरून ठेवणारी रासायनिक पूड असते, ते कुजत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी गुंडाळायला पिशवी द्यावी असं सांगितलेलं आहे. पुण्यात ‘स्वच्छ’ या संस्थेच्या कचरावेचक बायकांना लोकांना विनवावं लागलं की नॅपकिन कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आमच्या हाताला उघडं रक्त लागणार नाही. आपल्या घरात विटाळ नको म्हणून आपण तो दुसऱ्या बाईच्या हातात देतो. गावात घंटागाडी येते तिथे हे, आणि जिथे येत नाही तिथे ओढा आहेच.

पैशाचा हिशेब असा. महिन्याला बारा नॅपकिन, एक सहा रुपयांना धरला तर वर्षाला साडेआठशेच्या आसपास. तीन चड्ड्या बाराशेला, नीट जपल्या तर दोन वर्षं जातात. स्वस्त पडतात, पण तीन पुरत नाहीत. पाच हव्यात, म्हणजे दोन हजार रुपये, एकदम. नॅपकिनचं पाकीट पन्नास-साठ रुपयांत येतं. ज्या बाईचा पगार शनिवारी होतो आणि सोमवारी संपतो, तिला दोन वर्षांची बचत सांगून उपयोग नाही. मालकाने किंवा गटाने आधी पैसे भरून हप्त्याने फेडायची सोय केली तरच ती घेईल.

आणि काही बायकांना ही वस्तू सांगूच नये. आपल्या कारखान्यांच्या हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीला येणाऱ्या बाया बघा. पहाटे फडात, रात्री पालात. पाणी हंड्याने आणायचं, आडोसा नाही, दोरी कुठे बांधणार? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळी हीच कामातली अडचण ठरली, खाडा पडला की दंड, आणि दुखणं घेऊन गेलं की पिशवी काढा असा सल्ला. तिथे आधी पाणी, संडास आणि खाडा माफ, हे मागायला हवं. चड्डी नंतर.

विकत घेणाऱ्यांना अजून दोन गोष्टी. भारतीय मानक ब्युरोने २०२१ साली पुन्हा वापरायचे पॅड आणि पाळीच्या चड्ड्या यांच्यासाठी मानक काढलं आहे, क्रमांक आयएस १७५१४. पाकिटावर त्याचा उल्लेख आहे का बघा. दुसरं, अमेरिकेत थिंक्स या नावाच्या चड्ड्यांत पीएफएएस गटातली रसायनं आहेत असा दावा ग्राहकांनी केला, कंपनीने आरोप मान्य केला नाही, पण २०२३ साली तडजोड झाली. ही रसायनं पाणी आणि तेल झटकून टाकण्यासाठी कापडाला लावतात आणि वर्षानुवर्षं नष्ट होत नाहीत. जंतू मारणारा थर, सुगंधी थर असं काही लिहिलं असेल तर ती चड्डी ठेवून द्या. साधं सुती अस्तर पुरतं. आणि तासाला एक नॅपकिन भिजत असेल, घाण वास येत असेल, ताप किंवा खाज असेल, तर चड्डी बदलून भागणार नाही, डॉक्टरांना दाखवा. आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं, वैद्यक नाही.

नातीने पावसाळ्यासाठी असं ठरवलं आहे : जून ते सप्टेंबर जोराचे दोन दिवस नॅपकिन, बाकीचे दिवस चड्डी, आणि मधला पट्टा दोन बोटांत दाबून गार लागला तर ती घालायची नाही, मग दोरीवर कितीही दिवस झालेले असोत. सुनेने अजून वापरून बघितलेली नाही. बघेन म्हणाली आहे.

आता प्रश्न घेऊ. उठून विचारायचं नसेल तर चिठ्ठ्या पाठवा, नाव लिहायची गरज नाही.